गाईचे लक्षण आणि डांगीची परीक्षा

मागच्या व्याख्यानानंतर डोंबिवलीच्या एका श्रोत्याने आम्हाला विचारले, "सर, इंग्लंडमध्ये म्हणे सशाचे कान पट्टीने मोजतात आणि बक्षीस देतात. हा काय प्रकार?" प्रकार खरा आहे. इंग्लिश लॉप नावाचा ससा आहे, त्याचे कान जमिनीवर लोळतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले जातात. अशा मापांना ते लोक 'स्टँडर्ड' म्हणतात. पण त्यासाठी विलायतेला कशाला जायचे? आपल्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात डांगी नावाची गुरे आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलू.

आधी थोडे तर्कशास्त्र. आम्ही आयुष्यभर तेच शिकवले, त्यामुळे सुटका नाही! न्यायशास्त्रात 'लक्षण' शिकवताना उदाहरण गाईचेच घेतात. गाय म्हणजे कपिल रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. शिंगे असलेली ती गाय म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एका अखंड खुराची ती गाय म्हटले तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. मग नैयायिक गळ्याखालची पोळी पकडतात आणि म्हणतात, ही जिला आहे ती गाय.

प्रदर्शनातले लक्षण मात्र वेगळ्या जातीचे असते. नैयायिकाला विचारायचे असते, ही गाय आहे की नाही? परीक्षकाला विचारायचे असते, ही डांगी किती चांगली? म्हणजे तिथे डांगी असूनही जनावर नापास होऊ शकते. लक्षणाच्या जागी आदर्श येऊन बसतो, आणि तो कोणी ठरवला हा इतिहासाचा प्रश्न होतो.

आपल्याकडे हे काम मुख्यतः सरकारी कागदांतून झाले. 1929 साली इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च स्थापन झाली आणि पुढच्या काळात देशी गुरांच्या जातींची शरीरवर्णने छापली जाऊ लागली. 1953 साली जोशी आणि फिलिप्स यांचा भारत-पाकिस्तानातल्या गुरांवरचा ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने काढला. त्यात डांगी आहे. मध्यम बांधा, आखूड जाड शिंगे, पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे, तेलकट कातडी, आणि काळे, गारगोटीसारखे कठीण खूर, अशी तिची ओळख.

पण ही यादी साहेबाने आकाशातून आणली नाही, बरं का. अकोले, इगतपुरी, शहापूर, मुरबाड या भागातले कानडी, महादेव कोळी, ठाकर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या ही गुरे सांभाळत आले. पारा, बहाळा, मन्हेरी, खैरी ही रंगांची नावे त्यांचीच. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिखलणीत दिवसभर उभे राहायचे, खडकाळ वाटेने लाकूड ओढायचे, आणि अंग सतत भिजलेले. तिथे मऊ खुराचा बैल काय कामाचा? तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जाते. म्हणजे लक्षणे कामातून आली, कागद नंतर आला.

आता गंमत पाहा. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. अशा प्रदर्शनांत आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असे दातांवरून गट पाडतात. डोळ्याला दिसते ते रूप: शिंगांची ठेवण, रंग, वशिंड. ज्या पावसासाठी हे जनावर घडले, तो पाऊस मात्र मैदानात नसतो! पावसाळा सरल्यावर भरलेल्या मैदानात खुराची खरी परीक्षा कशी होणार? सशाच्या कानाचे तेच झाले. जे मोजता येते ते वाढत जाते.

आमचा आक्षेप प्रदर्शनावर नाही. प्रदर्शन नसते तर चांगला वळू राखायला कोणी खर्च केला असता, हा प्रश्न आहेच. खिल्लारचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली, मे 2023 मध्ये कायदा वैध ठरवला. शर्यतीमुळे खिल्लारला शेतीबाहेरचे काम मिळाले. ते योग्य की अयोग्य, तो वाद निराळा. डांगीला तसे दुसरे काम मिळालेले नाही. चिखलणीला पॉवर टिलर आला, लाकूड ट्रकने जाऊ लागले. दूध तर तिला पहिल्यापासून बेताचेच.

काही वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेच्या यात्रेला आम्ही कल्याणहून एसटीने मुरबाड आणि तिथून म्हशाला गेलो होतो. गुरांच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, "बाबा, चांगला डांगी ओळखायचा कसा?" त्यांनी रंगाचे नावसुद्धा काढले नाही. बैलाचा पाय उचलला, खुरावर दगड वाजवून दाखवला. मग पाठीवरून बोट फिरवले आणि ते आमच्या तळहाताला पुसले. चकाकी होती.

"गिऱ्हाईक हे बघतं का?" आम्ही विचारले.

"पूर्वी इचारायचे, आखाडात चालंल का," बाबा म्हणाले. "आता इचारतात, याची आई दूध किती देती."