नल्लूरचं चिंचबन

चिंच आपल्याला घरची वाटते, पण तिचं मूळ उष्ण आफ्रिकेतल्या विरळ रानात. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं. त्यातूनच ‘टॅमरिंड’ आलं. आपण चिंचोकाही सोडला नाही: भाजून खाल्ला, खळ करून घोंगडीला लावला.

बंगळुरूजवळ देवनहळ्ळी तालुक्यात नल्लूरला ५४ एकरांचं जुनं चिंचबन आहे. २००७ साली ते देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. पुढच्याच वर्षी देवनहळ्ळीत विमानतळ सुरू झाला आणि शहर तिकडे सरकू लागलं.

पहारा नसलेली चौकी टिकत नाही, हे मी फौजेत शिकलो. कागदावरच्या संरक्षणाचंही तसंच. बंगळुरूकरांनो, मुलांना घेऊन एकदा तिथे जाऊन या.