तारीख नसलेला राजीनामा

खाजगी शाळेत नेमणूक झालेल्या नव्या शिक्षकाकडून एकेकाळी दोन कागदांवर सही घेतली जाई. एक नेमणूकपत्राच्या स्वीकृतीवर, दुसरी राजीनाम्यावर. राजीनाम्यातली तारखेची जागा कोरी. तो कागद संस्थेच्या कपाटात राही आणि संस्थाचालकांची मर्जी फिरेल त्या दिवशी त्यावर तारीख पडे. ही प्रथा इतकी रुजलेली होती की पुढे कायद्याला तिच्यासाठी स्वतंत्र कलम लिहावे लागले.

नागपूरपासून वीसेक किलोमीटरवरचे, इटारसी लोहमार्गावरचे कळमेश्वर घ्या. तिथल्या माध्यमिक शिक्षकाचे राज्य एका जागी उभे राहून बदलत गेले. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. माध्यमिक शिक्षणाचा मध्य प्रदेशी कायदा १९५१ चा होता, महाराष्ट्राचा एकत्रित मंडळ कायदा १९६५ चा. सरकारे बदलली तरी शिक्षकाला नेमणारी आणि काढणारी संस्था तीच राहिली. तालुक्याच्या गावी संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक आणि पालक एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी वर्गातली नाराजी संध्याकाळपर्यंत संस्थेच्या बैठकीत पोहोचते.

नियम नव्हते असे नाही. माध्यमिक शाळा संहिता होती. वेतन, रजा, शिस्त, सगळे तिच्यात होते. परंतु ती प्रशासकीय सूचनांची पोथी होती, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. संस्थेने संहिता मोडली तर शासनाच्या हाती मुख्यतः दोनच शस्त्रे : अनुदान रोखणे आणि मान्यता काढणे. अनुदान रोखले की आधी थांबणार शिक्षकांचेच पगार. अन्याय झालेल्याला न्याय देण्यासाठी त्याच्या सहकाऱ्यांची चूल विझवायची, असा तो उपाय होता. साहजिकच तो क्वचितच वापरला जाई.

दूरच्या केरळात हाच प्रश्न १९५७ च्या शिक्षण विधेयकाने हाती घेतला. खाजगी शाळांतील नेमणुका आणि पगार यांवर शासनाचे नियंत्रण आणण्याच्या त्या प्रयत्नाने एवढे वादळ उठले, की १९५९ मध्ये तिथले सरकार बरखास्त होण्यामागे ते एक मोठे कारण ठरले. महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला. संस्था आपल्या जागी राहतील, नेमणुकाही त्याच करतील. मात्र काढताना त्यांना उत्तर द्यावे लागेल.

तो मार्ग म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. नावात १९७७ असले तरी तो १९७८ चा तिसरा अधिनियम म्हणून नोंदला गेला आणि प्रत्यक्ष अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी. मधली तीन वर्षे तो केवळ कागदावर होता. अमलानंतर लगेच नियमावली आली.

या अधिनियमाची प्रस्तावना इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावी. कर्मचाऱ्यांना सेवेची सुरक्षितता आणि स्थैर्य का द्यायचे, तर त्यांनी विद्यार्थी, पालक, संस्था व समाज यांच्याप्रती आपले कर्तव्य परिणामकारकपणे पार पाडावे म्हणून, असे ती सांगते. आणि त्याच दमात त्यांचे उत्तरदायित्वही मांडते. ज्याच्या डोक्यावर रोज टांगती तलवार आहे त्याच्याकडून चांगले अध्यापन होत नाही, हे विधिमंडळाने येथे गृहीतच धरले.

कलम ७ त्या कोऱ्या तारखेवर थेट बोट ठेवते. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही, दोन्हींवर तारीख. एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःजवळ. टपालाची पावती हीच शिक्षकाची ढाल. कलम ९ ने बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. कळमेश्वरच्या शिक्षकासाठी आता दाद मागण्याची जागा संस्थेच्या कार्यालयाबाहेर, नागपुरात होती.

चौकशीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. समितीत तीन सदस्य : एक व्यवस्थापनाचा, एक खुद्द शिक्षकाने खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. गोपनीय अहवालाचा नियम त्याहून बोलका आहे. प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवला नाही, तर त्या काळातले काम समाधानकारक होते असेच मानले जाते. वर्षानुवर्षे गप्प राहायचे आणि भांडण झाले की जुने ‘असमाधानकारक’ शेरे बाहेर काढायचे, या युक्तीचा मार्गच त्याने बंद केला. कामाचे मूल्यमापन आणि वैयक्तिक राग यांच्यात कायद्याने एक रेघ ओढली.

पळवाटा निघाल्याच. परिवीक्षेची दोन वर्षे पूर्ण झाली की शिक्षक कायम होतो. म्हणून जूनमध्ये नेमायचे आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी सेवा संपवायची, पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी नेमणूक. असे वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाखालील औरंगाबादच्या एका प्रकरणात, बेकायदा काढलेल्या शिक्षिकेला उच्च न्यायालयाने नाकारलेले संपूर्ण मागील वेतन पुन्हा मिळवून दिले. संस्थांसाठी तो निकाल महागात पडणारा होता.

दरम्यान शासनाचीच पावले उलट दिशेने पडत होती. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली : पहिली तीन वर्षे पगाराऐवजी मानधन. २००१ मध्ये नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच देण्याचे ठरले. त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये महिना १८,००० रुपये झाले.

अधिनियम अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद करत नाही. मान्यताप्राप्त खाजगी शाळा एवढी अट त्याला पुरते. पण अनुदानित शाळेत पगार शासन देते, संस्थेच्या हाती नेमणूक उरते. विनाअनुदानित शाळेत दोन्ही एकाच हातात असतात. तिथला शिक्षक तीस दिवसांच्या आत नागपूरला जाऊन अपील दाखल करू शकतो. ते जिंकल्यावर त्याला ज्यांच्याकडून दर महिन्याला पगार मागायचा असतो, त्यांच्याविरुद्ध.