न्यूगेटमधील शाळा
डीफोची मॉल फ्लँडर्स (१७२२) न्यूगेटच्या तुरुंगात जन्मते. पण तिथे खरोखर वाढलेल्या मुलांकडे आम्ही वाङ्मयाचे अभ्यासक क्वचितच वळतो. १८१३ साली एलिझाबेथ फ्राय तिथे प्रथम गेली, तेव्हा स्त्री-कैद्यांच्या गर्दीत त्यांची मुलेही होती. १८१६-१७ मध्ये तिने त्यांच्यासाठी शाळा काढली, तीही आयांना विचारून. एक रिकामी कोठडी हाच वर्ग. शिक्षिका झाली मेरी कॉनर, घड्याळाच्या चोरीसाठी आत आलेली. (फ्रायच्या पुण्याईत हिचा वाटा किती, हे कोणी विचारीत नाही.) तरुण कैदी स्त्रियाही शिकू मागत, जागा अपुरी पडे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या अशा मुलांसाठी पाळणाघर व बालवाडी सांगितली. शिवाय जन्मदाखल्यावर तुरुंग न लिहिता, त्या वस्तीचाच पत्ता लिहावा, असेही.