आत्जेची खोली

खोलीत कोणी नाही. एक टेबल आहे, भिंतीला फळ्या आहेत आणि काही लाकडी चौकटी ठेवलेल्या आहेत. १९१० च्या सुमारास पॅरिसमध्ये घेतलेल्या या छायाचित्रात एवढेच दिसते. तुम्ही म्हणाल, यात पाहण्यासारखे ते काय? कबूल. मीही पहिल्या खेपेस पान उलटून पुढे गेलो होतो.

ही खोली युजेन आत्जे या फोटोग्राफरची स्वतःची. जन्म १८५७ चा. लहानपणीच आईबाप गेले. आधी गडी जहाजावर गेला, मग फिरत्या नाटक मंडळीत नट झाला. तेथेही जम बसेना, तेव्हा १८९० च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. धंद्याची पाटी काय, तर 'कलावंतांसाठी दस्तऐवज'! चित्रकारांना, ग्रंथालयांना, वस्तुसंग्रहालयांना तो प्रती विकी. १८ बाय २४ सेंटिमीटरची काच, आणि कागदही तेवढाच. दोन्ही एकावर एक ठेवून चौकटीत घट्ट बसवायची आणि चौकट उजेडात मांडायची. चित्र आपोआप हळूहळू उमटे. पुढे सोन्याच्या क्षाराचे पाणी, मग हायपो, मग धुणे. आणि ऊन पॅरिसचे बरे का, आपल्याकडचे नव्हे! विणकराला जसा माग, तशा याला या चौकटी.

रस्त्यावरचे फेरीवाले त्याने टिपले, दुकानांची दारे टिपली, शहराच्या वेशीवर चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांची खोपटी टिपली. १९१० मध्ये पॅरिसमधील घरांच्या अंतर्भागाचा ६० चित्रांचा एक अल्बम त्याने केला. त्यात मजुराची खोली आहे, टोप्या शिवणाऱ्या बाईचे घर आहे आणि व्हाव्हँ रस्त्यावरील कोणा 'श्री. आर., नाट्यकलावंत' यांचेही घर आहे. गंमत अशी, की हे श्री. आर. म्हणजे खुद्द आत्जेच! आपल्याच घराच्या खोल्या दुसऱ्यांच्या नावावर खपवून त्याने अल्बमची भरती केली होती. पुढे अभ्यासकांनी ते ओळखून काढले.

आता आम्हां इतिहासवाल्यांची पंचाईत होते. दस्तऐवज म्हणून विकलेला कागद खोटे बोलतो, तर तो फेकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. चित्राखालची ओळ माणसाने लिहिली, ती तपासूनच घ्यावी. पण पुस्तके कशी रचली होती, चूल कोठे होती, हे त्या ओळीने बदलत नाही. नाव पुसून टाका. बेताच्या मिळकतीच्या एका माणसाचे घर शिल्लक राहतेच.

१९२० साली त्याने २,६२१ काचा फ्रेंच सरकारला १०,००० फ्रँकला दिल्या. १९२७ मध्ये तो वारला. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन बाईंनी मागे उरलेला संग्रह विकत घेतला, चाळीस वर्षे जपला, आणि १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. ज्या प्रती चित्रकार कच्चा माल म्हणून घेत, त्या आता तेथे कलाकृती म्हणून जपल्या जातात.

आत्जेला स्वतःला हे मानवले असते की नाही, कोण जाणे. १९२६ मध्ये त्याच गल्लीत राहणाऱ्या मॅन रे यांनी त्याचे एक चित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकासाठी मागितले. ते मुखपृष्ठावर छापले गेले. माझे नाव घालू नका, हे नुसते दस्तऐवज आहेत, असे त्याने सांगितल्याचे मॅन रे पुढे सांगत. नाव घातले गेले नाही.