तारीख उलटलेली सुई

२८ जून २०१७, बुधवार. बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजात दुपारचे चार वाजलेत आणि लंडनच्या पश्चिमेला ग्रीनफर्डमध्ये सकाळचे साडेअकरा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे इकडे जनरल रजिस्टरमध्ये नवी नावं चढवण्याचे दिवस. तिकडे विल्यम पर्किन हायस्कूलमधून रुग्णवाहिकेसाठी फोन लागतो: एका मुलाला ॲलर्जी झालीय, अंगाला खाज सुटलीय. मुलगा १३ वर्षांचा, भारतीय वंशाच्या कुटुंबातला.

हा घटनाक्रम साडेअकरापासून सांगायला घेतला तर चीजच्या एका तुकड्याने पोर गेलं एवढंच हाती लागतं. बातमी तेवढीच झाली होती. खरी सुरुवात फार मागची आहे.

तेरा वर्षं नऊ महिने आधी

२९ सप्टेंबर २००३. कॅनडात ओंटारिओ प्रांतातलं पेम्ब्रोक. १३ वर्षांची सब्रिना शाळेच्या उपाहारगृहातून तळलेले बटाटे घेते. तिला दुधाची, शेंगदाण्याची आणि सोयाची ॲलर्जी आहे. ती विचारून, खात्री करून खाणारी मुलगी आहे. आपल्या ॲलर्जीवर तिने कॅनडाच्या रेडिओसाठी कार्यक्रमसुद्धा केला होता. पण ज्या चिमट्याने बटाटे उचलले, त्याच चिमट्याने आधी चीज घातलेला पदार्थ उचलला असावा, असं नंतरच्या तपासात निघालं.

जेवणानंतरच्या तासाला तिला धाप लागली. तिला वाटलं, दमाच आहे. शिक्षकांनाही तसंच वाटलं. ती स्वतःच्या पायांनी ऑफिसकडे चालत निघाली आणि वाटेत कोसळली. ॲड्रेनालिनची सुई तिच्या लॉकरमध्ये होती. शिक्षक धावत जाऊन घेऊन आले, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर लोक याच जागेवर बोट ठेवतात. ॲलर्जीचा तीव्र झटका पुष्कळदा दम्याचं सोंग घेऊन येतो, आणि ज्याला आधीच दमा आहे त्याच्या बाबतीत तो जास्त घातक ठरतो. अशा रुग्णाला उभं करायचं नसतं, चालवायचं तर मुळीच नसतं. आडवं ठेवायचं; श्वास फारच लागला असेल तर पाय लांब करून टेकून बसवायचं. आपल्याकडे पोराला बरं वाटेनासं झालं की पहिली सूचना ठरलेली: 'जा, ऑफिसात जाऊन बस.'

ओंटारिओने २००५ मध्ये तिच्या नावाचा कायदा केला. १ जानेवारी २००६ पासून तिथल्या प्रत्येक शाळा मंडळाला ॲलर्जीचं धोरण सक्तीचं झालं.

चार वर्षं आठ महिने आधी

९ ऑक्टोबर २०१२, पुन्हा ओंटारिओ. १२ वर्षांचा रायन मधल्या सुट्टीत खेळताना दम्याच्या झटक्याने गेला. त्याचा पंप मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद होता. ॲलर्जीसाठी कायदा झाला होता. दम्याचं नाव त्यात नव्हतं. त्यासाठी दुसरं पोर जावं लागलं. २०१५ मध्ये रायनच्या नावाचा कायदा झाला आणि विद्यार्थ्याला आपला पंप स्वतःजवळ बाळगायचा हक्क मिळाला.

अकरा महिने आधी

जुलै २०१६. ग्रीनफर्डच्या त्या शाळेत एका पेटीवर मुलाचं नाव आहे. आत ॲड्रेनालिनचं स्वयंचलित इंजेक्शन, म्हणजे मांडीवर दाबलं की सुई आपोआप आत जाणारं पेन. त्यावर छापलेली मुदत या महिन्यात संपते. कोणी बघत नाही. झटका आला तर कोणत्या क्रमाने काय करायचं याचा कागद पेटीत असायला हवा होता, तोही नव्हता.

सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत भयंकर वाटतो तो हा महिना. त्या महिन्यात काहीही घडलं नाही, म्हणून.

त्याच सकाळी, सुट्टीची वेळ

मुलाला गहू, दूधदुभतं, अंडी, सुकामेवा अशा बऱ्याच गोष्टींची ॲलर्जी. शिवाय दमा आणि इसब. वर्गात हे माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काय? चीजचा लहानसा तुकडा भिरकावणाऱ्या मुलाने पुढे मृत्यूच्या चौकशीत सांगितलं की त्याला वाटलं होतं, फार तर पुरळ येईल, ताप येईल, आठवडाभर शाळा बुडेल. १३ वर्षांच्या पोराची समज तेवढीच. ती वाढवणं हेसुद्धा शाळेचंच काम होतं.

तुकडा मानेवर पडला. नुसत्या त्वचेवरच्या स्पर्शाने जीव जाणं हे अत्यंत विरळा, असं तज्ज्ञांनी चौकशीत सांगितलं.

साडेअकरा

शाळेच्या कर्मचाऱ्यांनी त्याला ॲलर्जीचं पातळ औषध दोन चमचे दिलं, पंप दिला, ते मुदत संपलेलं पेनही टोचलं. कोणी हात बांधून उभं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण फोनवर निरोप गेला तो खाजेचा. रुग्णवाहिकेतले लोक पोहोचले तेव्हा मुलगा श्वासासाठी तडफडत होता. त्यांच्यादेखत श्वास थांबला.

दहा दिवसांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयात तो गेला.

तीन महिन्यांनी

१ ऑक्टोबर २०१७ पासून ब्रिटनमधल्या शाळांना ॲड्रेनालिनची पेनं एखाद्या विशिष्ट मुलाच्या नावाच्या चिठ्ठीशिवाय थेट विकत घेऊन ठेवायची मुभा मिळाली. दम्याच्या पंपासाठी ती १ ऑक्टोबर २०१४ पासूनच होती. मे २०१९ मध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी, मेरी हॅसेल यांच्यासमोरची चौकशी पूर्ण झाली आणि मुदत संपलेली सुई, पेटीतला गायब कागद हे सगळं अधिकृतपणे नोंदलं गेलं.

सतरा महिन्यांनी, देऊळगाव राजा

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना लस, आणि सुरुवात शाळांपासून. लस देणाऱ्या प्रत्येक पथकाजवळ एक किट असायचं: ॲड्रेनालिनच्या कुप्या, बारीक सिरिंज, वयानुसार मात्रेचा तक्ता. लसीची तीव्र ॲलर्जी आली तर डॉक्टरची वाट न बघता एएनएम सिस्टरने मांडीत पहिली मात्रा द्यायची आणि मग पुढे पाठवायचं, असं केंद्राच्या आरोग्य खात्याचं प्रशिक्षण होतं.

म्हणजे लसीच्या दिवशी आपल्या साध्या जिल्हा परिषद शाळेतही ते औषध होतं, ते देणारा प्रशिक्षित हात होता, मुदत तपासायची पद्धत होती. लंडनच्या त्या पेटीत नव्हतं ते सगळं. संध्याकाळी पथक किट घेऊन परत गेलं. शाळा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा खडू आणि डिंक एवढ्याच साहित्यावर आली.

जे एका दिवसासाठी जमतं ते उरलेल्या शाळेच्या दिवसांसाठी का जमू नये? सगळ्याच शाळांत ॲड्रेनालिन ठेवा, असा माझा हट्ट नाही. कुपी फोडून सिरिंजमध्ये नेमकी मात्रा ओढणं हे घाबरलेल्या शिक्षकाचं काम नव्हे, आणि म्हैसूरकडच्या शाळकरी मुलांच्या पाहणीत खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीचं प्रमाण एक टक्क्याहून बरंच कमी आढळलं होतं. आपल्याकडचं दुखणं दमा आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे न मिळालेले पंप.

अजून न घडलेला दिवस

इथून पुढचं घडलेलं नाही. तालुक्यातली कोणतीही एक शाळा धरा, दसऱ्यानंतरचा ऑक्टोबर धरा, सातवीतली एक मुलगी धरा.

दुपारी १.३५. मधली सुट्टी. पोषण आहाराची खिचडी वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन वहीत सही केली आहे. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणातून कीटकनाशक पोटात गेलं, २३ मुलं दगावली. त्यानंतर चव घेण्याची ही शिस्त देशभर कडक झाली. विषबाधेचं भय आपल्या यंत्रणेने मनावर घेतलं ते असं. मात्र शिक्षकाला पचलेली खिचडी सगळ्यांनाच पचेल, हे त्या सहीतून सिद्ध होत नाही.

१.४५. मैदानापलीकडच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू. यंत्रातून भुसा उडतोय. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनच्या बार्सिलोना शहरात दम्याच्या साथींचे २६ दिवस नोंदले गेले. लोक एकाएकी गुदमरत दवाखान्यात येत. कारण सापडलं ते बंदरावर: जहाजातून सोयाबीन उतरवताना कोठारातून उडणारी धूळ. कोठारांना गाळण्या बसवल्या आणि साथ आटोक्यात आली. आपल्या मळणीयंत्राला कसली गाळणी! मुलगी खोकतेय.

१.५०. मैत्रिणी पाणी देतात. कोणीतरी पाठ चोळतं. तिचा पंप घरी आहे, आईच्या साड्यांखाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी लिहून दिला तेव्हा आजी म्हणाली होती, 'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी द्या.' आणि पोरीची जात. उद्या स्थळ बघायला लागल्यावर 'दमेकरी' हा शिक्का नको. म्हणून शाळेत कोणालाच सांगितलेलं नाही. शाळेनेही विचारलेलं नाही. जनरल रजिस्टरमध्ये धर्म, जात, जन्मस्थान, मागची शाळा, वर्तणूक यांना रकाने आहेत, आजाराला नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं, आणि त्यांच्या यादीत श्वसनमार्गाचा हा आजार आहेसुद्धा. पण छातीत घरघर नसलेल्या दिवशी तपासलं तर दमेकरी मूल ठणठणीतच दिसणार. आईला विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि तपासणीच्या दिवशी आई असते सोयाबीनच्या सोंगणीला.

१.५५. बाई तिला ऑफिसात आणतात. तिला वाक्य पुरं करता येत नाही, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. हे गंभीर झटक्याचं लक्षण आहे, पण बाईंना हे कोणी शिकवलेलं नाही. आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात पंप आहे, हे एकाला माहीत आहे. वापरायचा का? सर म्हणतात, 'नको. दुसऱ्याचं औषध. काही झालं तर आपल्या गळ्यात.'

सरांना दोष देऊ नये. त्या पंपातलं साल्ब्युटामॉल आपल्याकडे कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि त्यांच्या पाठीशी एका ओळीचाही लेखी आदेश नाही. असा प्रसंग आला तर हा पंप द्या, चुकलं तरी जबाबदारी तुमच्या एकट्याची नाही, असं आधी सांगून ठेवतं ते धोरण. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत शिकवतात ते चार ओळींत मावतं: मुलाला ताठ बसवा. नळीतून एका वेळी एक असे चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार द्या; तरीही फरक नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. नळी, म्हणजे स्पेसर, नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच हे मुलांवर वापरून दाखवलं आहे. अशा बाटल्या शाळेच्या आवारात हव्या तेवढ्या सापडतात.

२.०५. १०८ ला फोन. तो लागतो पुण्यात, औंधच्या केंद्राला. तिथून जवळची गाडी निघते. शाळा शहरातली असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून ग्रामीण रुग्णालय गाठणं बहुधा लवकर होईल, आणि दम्यात बसून नेलेलं चालतंही. तेच मेहुणा राजासारख्या गावातून, खडकपूर्णेच्या काठच्या एखाद्या वस्तीवरून निघायचं असेल तर हिशोब बदलतो. पुढे मोठं रुग्णालय म्हणजे जालना, तीसेक किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा त्याच्या दुपटीहून लांब.

२.१०. मुलीचे ओठ निळसर पडलेत. तिला दुसरं काही होतं का, कशाची ॲलर्जी होती का, आधी काय दिलं, असं १०८ चे डॉक्टर विचारणार. उत्तर फक्त आईला ठाऊक आणि आई शेतात. रजिस्टरमधला फोन नंबर वडिलांचा, तोही जुन्या सिमचा.

या पस्तीस मिनिटांत पैशाअभावी अडलं असं काहीच नव्हतं. एक पंप, एक बाटली, आणि त्यांच्यासोबत चार ओळींचा कागद. मुदतीचा महिना मोठ्या अक्षरात, आणि पेटी कुलपाबाहेर.

मुंबईहून किंवा दिल्लीहून आदेश येईपर्यंत थांबायचं तर थांबता येईल; ओंटारिओही थांबलं होतं, दोनदा. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. जूनच्या पहिल्या बैठकीत गणवेश आणि खिचडीच्या आधी हा विषय घेता येतो: कोणाकोणाला दम लागतो, कोणाला काय चालत नाही, आईचा नंबर कोणता, तालुक्याच्या डॉक्टरांकडून लेखी सूचना कोण आणणार, पेटीवरची तारीख दर महिन्याला कोण बघणार. अध्यक्ष पालकांपैकीच असतो. कुणाच्या घरचं पोर रात्री उशी टेकून बसून काढतं, हे गावात त्याला रजिस्टरच्या आधी कळलेलं असतं.