पाखरांसाठी फळांची बेगमी

ब्रिटनमध्ये सप्टेंबर उजाडला, की बागांतील रोवन आणि पायरकँथा, तसेच कुंपणावरील हॉथॉर्न लाल-केशरी फळांनी लगडतात. बोराहूनही लहान असलेली ही फळे म्हणजे पाखरांचे हिवाळ्याचे धान्यच. मात्र बरीचशी फळे नाताळापूर्वीच फस्त होतात आणि खरी उपासमार जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते. म्हणूनच तेथील काही बागप्रेमी शरद ऋतूतच या फळांची थोडी बेगमी करून ठेवतात.

डिसेंबरअखेरीस लंडनमध्ये दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. उरलेल्या १६ तासांच्या थंडगार रात्री पक्ष्याला अंगातील चरबी जाळून ऊब राखावी लागते. जमीन गोठली, की गांडुळे व किडे मिळेनासे होतात. कस्तुराच्या कुळातील ब्लॅकबर्ड आणि साँग थ्रश यांना मग फळांचाच आधार उरतो. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये असंख्य लहान पक्षी दगावले होते. त्यातच स्कँडिनेव्हियातून दर हिवाळ्यात रेडविंग आणि फील्डफेअर हे पाहुणे येतात. तिकडे फळे कमी पडली, की वॅक्सविंगचे थवेही मोठ्या संख्येने दाखल होतात. मिसल थ्रश तर हॉलीचे एखादे झाड निवडतो आणि इतरांना हुसकावून हिवाळाभर त्याची राखण करतो.

साठवण कशी करावी?

कोरड्या दिवशी पूर्ण पिकलेली, न किडलेली फळे देठासकट घोसानेच तोडावीत. एकही झाड पूर्ण ओरबाडू नये; बहुतांश फळे झाडावरच राहू द्यावीत. तोडलेली फळे ताटात एका थरात पसरून गोठवावीत व नंतर पिशवीत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत आणि हवी तेवढीच काढता येतात. हॉथॉर्न व रोवनचे घोस हवेशीर, अंधाऱ्या जागी टांगून वाळवताही येतात. अशी वाळलेली फळे देण्यापूर्वी पाण्यात भिजवावीत. बुरशी आलेली फळे टाकून द्यावीत.

पिशवीवर फळाचे नाव लिहिण्यास विसरू नये. हॉलीची फळे पक्ष्यांना चालतात. माणसाला मात्र ती विषारी ठरतात. त्यामुळे घरच्या खाण्याच्या फळांत ती मिसळू देऊ नयेत.

बर्फ उतरल्यावरच फळे बाहेर ठेवावीत आणि दिवसभरात संपतील एवढीच द्यावीत. ब्लॅकबर्ड व थ्रश जमिनीवर टिपतात. म्हणून मांजराला दबा धरता येणार नाही अशी मोकळी जागा निवडावी. बहुतेक फळांत पाणी व साखर अधिक, स्निग्धांश कमी असतो. त्यामुळे वितळवलेल्या, मीठविरहित चरबीत ती मिसळून वड्या केल्यास अधिक ऊर्जा मिळते. उथळ भांड्यात न गोठलेले पाणीही ठेवावे.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. २००५पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ब्रिटनमधील ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. दूषित अन्न-पाण्यातून हा रोग पसरतो. म्हणून ताटल्या नियमित धुवाव्यात, जागा अधूनमधून बदलावी आणि आजारी पक्षी दिसल्यास खाणे देणे काही काळ थांबवावे.

झाड हेच कोठार

फ्रीझरमधील साठा कितीही केला, तरी तो अडीअडचणीपुरताच. खरे कोठार झाडच. हॉथॉर्नला फुले-फळे जुन्या फांद्यांवर धरतात. शरदातच कुंपण छाटले, तर फळे कचऱ्यात जातात. छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, परंतु घरटी बांधण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी. आयव्हीची वेल तर मुळीच उपटू नये. इतर फळे संपत आल्यावर तिची काळी, स्निग्धांशाने समृद्ध फळे पिकतात.

महाराष्ट्रात हिमवर्षाव नाही. त्यामुळे फळे गोठवून ठेवण्याची गरजही नाही. परंतु फळे झाडावरच राहू देण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. वड, पिंपळ, उंबर ही झाडे फळांवर आली, की तांबट, हरियाल, कोकीळ यांची तेथे रीघ लागते. फळांचा सडा पडतो म्हणून सोसायटीच्या आवारातील उंबर छाटण्यापूर्वी या पाहुण्यांचाही विचार व्हायला हवा.