घुबडाला घर देणारा काथलिक

परसातल्या झाडावर लाकडी पेटी टांगून पाखरांना निवारा देण्याची प्रथा आज सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या आद्य प्रवर्तकांत एका काथलिक गृहस्थांची गणना होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचे नाव चार्ल्स वॉटर्टन (१७८२–१८६५).

इंग्लंडमधील यॉर्कशायरात, वेकफील्डजवळ, वॉल्टन हॉल हा त्यांचा वडिलोपार्जित वाडा. हे घराणे आपल्या काथलिक श्रद्धेला चिकटून राहिले आणि त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजत आले. काथलिकांविरुद्धच्या दंडक कायद्यांनी त्यांना अधिकारपदे बंद केली होती. १८२९ साली ही दारे बरीचशी उघडली. परंतु त्यासाठी घ्यावयाची शपथ सदसद्विवेकबुद्धीला पटेना, म्हणून वॉटर्टन यांनी ती घेतली नाही.

येशूसंघीयांच्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात शिकल्यावर त्यांनी दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या अरण्यात भ्रमंती केली. १८१३ साली ते घरी परतले. त्या काळी वाड्यावर घुबडाला थारा नव्हता. त्याचे ओरडणे म्हणजे मरणाची चाहूल, ही आपल्याकडे आढळणारी समजूत तेथील नोकरमाणसांतही होती. वॉटर्टन यांनी घुबडांची हत्या थांबविली. आपण स्वतः सोसले, त्यातून दया शिकलो आणि घुबडांविरुद्धचे दंडक कायदे मोडीत काढले, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. हा शब्द त्यांनी सहज वापरला नसावा. त्या कायद्यांचे चटके त्यांच्या घराण्याने भोगले होते.

मग तळ्याकाठच्या पडक्या वेशीवर त्यांनी दगडचुन्याची चार फूट लांबरुंद खोली बांधली व आत बसण्यासाठी ओकचा जाड दांडा बसविला. महिन्याभरात गव्हाणी घुबडांची जोडी तेथे राहावयास आली. घुबडांनी ओकून टाकलेल्या गोळ्या त्यांनी तपासल्या, तेव्हा एकेका गोळीत चार ते सात उंदरांचे सांगाडे सापडले. अपशकुनी ठरविलेला पक्षी शेतकऱ्याचा सोबती निघाला!

साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांबाबतही त्यांनी असाच विचार केला. वाड्याभोवती ते थोडे का? अन्न नाही म्हणून नव्हे, तर घरट्याला जागा नाही म्हणून. त्यांनी जुन्या भिंतींत २४ भोके पाडली. वसंतात २४ घरटी झाली. पाकोळ्यांसाठी त्यांनी भिंतीत नळ बसविले. १८२६ पर्यंत सुमारे तीन मैलांचा कोट घालून त्यांनी आतील सर्व पाखरांना अभय दिले.

त्यांच्या पश्चात मुलाने तेथे शिकारीला मुभा दिली. पुढे इस्टेटही विकली गेली. परंतु त्यांची कल्पना टिकली. आज चिमणीसाठी पेटी करताना लागते ती वीतभर रुंदीची फळी, सुमारे सव्वा इंच व्यासाचे भोक आणि तळाला पाणी निथळण्यास बारीक छिद्रे. आतून रंग देऊ नये; भोकाखाली दांडीही नको, कारण तिचा आधार शत्रूलाच मिळतो.

चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात चिमणीला प्रभूच्या वेदीपाशी घर मिळते. आपल्या सिमेंटच्या नव्या घरांत तिला वळचण राहिली नाही. तेव्हा परसातली ती लहानशी पेटी म्हणजे केवळ मुलांचा सुटीतला खेळ नव्हे. ज्याला जागा नाकारली गेली, त्याला जागा करून देण्याचा तो एक जुना, काथलिक घरातही रुजलेला संस्कार आहे.